चार मिनिटं

“पायथन, जावा की गो? एकच नाव सांगा, सर. ऐकल्याशिवाय मी आज इथून हलणार नाही.”

शार्दूल पाटणकर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात, चिंचेखाली फतकल मारून बसला होता. मांडीवर लॅपटॉप होता आणि कपाळावर आठ्या.

समोर इनामदार सर पाणपोईच्या माठात पाणी ओतत होते. तीस वर्षं पॉलिटेक्निकात त्यांनी कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्त झाल्यावर हे काम पत्करलं. शार्दूल त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

“एवढा का तापलायस?”

“तापू नको तर काय करू? दिवाळीत कर्णबधिर शाळेचं छप्पर कोसळलं. मुलं आपापल्या गावी गेली. तिथल्या डोर्लेबाईंनी खुणांच्या भाषेतले सगळे पाठ मोबाइलवर चित्रित करून आमच्याकडे दिले. ते मुलांना घरी बघता येतील अशी वेबसाइट करायची, बास! आणि आमची टीम बघा. ती चालवणारा सर्व्हर कुठल्या भाषेत लिहायचा यावर एकमत होईल तर शपथ!”

“तू काय केलंस?”

“तिन्हींत लिहिला. आधी पायथनमध्ये. संक्रांतीला तो सोडून जावात. आता गोमध्ये. तर म्हणतात, चौथी भाषा घेऊ! डोकी फिरलीत एकेकाची.”

“पायथन का सोडलास? चालत नव्हता?”

“चालत होता हो! पण हळू. एक पाठ चढवला, की तो सगळ्या मोबाइलवर दिसेल असा बदलून ठेवायला चार मिनिटं लागायची. चार! सांगायला लाज वाटते.”

“जावात किती लागली?”

शार्दूलनं लॅपटॉप अर्धा मिटला.

“...चार.”

“आणि गोमध्ये?”

“तेवढीच. तो भाग आम्ही लिहीतच नाही, सर. व्हिडिओ बदलायचं काम एक वेगळाच प्रोग्राम करतो. तिन्हीकडे तोच आहे. आमचा सर्व्हर फक्त त्याला हाक मारतो.”

“हाक मारतो. आणि मग?”

“मग... वाट बघतो.”

“वाट बघायला वेगवान भाषा कशाला लागते रे?”

शार्दूल उसळला. आपण इतका जीव काढायचा आणि यांनी थट्टा करायची! “दहा हजार माणसं एकदम आली तर? तिथं भाषेचा फरक पडतो, सर. मी मोजून बघितलंय!”

“मुलं किती आहेत शाळेत?”

“...एकसष्ट.”

सरांनी माठावर झाकण आदळलं. पाणी प्यायला आलेली एक बाई दचकून मागे सरली. शार्दूलनं इतक्या वर्षांत सरांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“पायथनचा तो सर्व्हर कुठाय?”

“यातच आहे.”

“आज लावलास तर?”

“संध्याकाळपर्यंत सुरू होईल. पण सर, लोक हसतील. इतके महिने घालवून शेवटी पहिलाच लावला म्हणतील...”

“पोरं घरी बसून किती महिने झाले?”

शार्दूलला संताप आला. आधी टीमचा, मग सरांचा. मग तो कुणावर काढावा हेच त्याला कळेना.

“पाच.”

सरांनी हात धोतराला पुसले. खिशातून आपला मोबाइल काढला, डोर्लेबाईंचा नंबर लावला आणि मोबाइल शार्दूलच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजू लागली.

“सांग त्यांना,” सर म्हणाले, “चार मिनिटं फार होती.”