दंडाची पाचवी मुदत

डोंगरापलीकडे बोरदरा नावाचे गाव होते. तिथे म्हाळसाबाई ही विधवा घोंगड्या विणून पोट भरत असे. राजाचा कर बुडवावा, असे तिच्या मनातही येत नसे. वर्षभर पै-पै साठवून, दोन दिवस चालून, फाल्गुन पौर्णिमेला तिने सगळा कर राजधानीत आणला.

कारकुनाने पैसे ठेवून घेतले आणि वर दंड सांगितला.

"दंड कशाचा, दादा? सगळा कर आणलाय की!"

"कर चार हप्त्यांत भरायचा असतो. ज्येष्ठ, भाद्रपद, मार्गशीर्ष आणि फाल्गुन, या महिन्यांच्या पौर्णिमेला. तुझे तीन हप्ते हुकले. शिवाय मागच्या वर्षाच्या कमाईचं पत्रक आषाढ अमावास्येपर्यंत द्यायचं होतं. तेही नाही."

"हे मला कुणी सांगितलं?"

"दवंडी पिटतो की! मुदतीच्या दिवशी, इथे वाड्यासमोर."

"आणि ती बोरदऱ्यात ऐकू यायची? एवढे लांब कान असते, तर गाढवासारखी ओझी नसती वाहिली मी? घोंगड्या कशाला विणल्या असत्या?"

कारकून हसला नाही. दंड भरायला तिच्याकडे पैसे नव्हते. आठवड्याभरात शिपायांनी तिचा माग उचलून गाडीवर घातला. माग गेला म्हणजे भाकरी गेली. म्हाळसाबाई गाडीमागून चालत राजधानीला आली.

वाड्याच्या चौकात कुंभाराचे चाक होते, सुताराचे रंधे होते, न्हाव्याची पेटी होती. सगळी कष्टकऱ्यांची हत्यारे. ठाऊकच नसलेली तारीख चुकली, एवढाच त्यांचा गुन्हा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर सदरेवर राजा बसला होता. ती तडक त्याच्यापुढे उभी राहिली.

राजा म्हणाला, "बाई, मुदती साऱ्या राज्याला माहीत आहेत."

"मग महाराजांनीच पाचही सांगाव्यात."

"ज्येष्ठ पौर्णिमा..." एवढे बोलून राजा अडला. त्याने खजिनदाराकडे पाहिले. खजिनदाराने छताकडे पाहिले.

राजा ओशाळला. "हिचा दंड माफ. माग देऊन टाका."

शिपायांनी माग उचलला. म्हाळसाबाई दोन पावले त्यांच्यामागे गेलीही. मग तिची नजर कुंभाराच्या चाकावर पडली.

"ठेवा खाली," ती म्हणाली. "महाराज, माझ्या एकटीवर उपकार नकोत. सगळ्यांच्या वस्तू परत करा. मुदती गावोगाव आधी कळवा. तोवर माझा मागही इथंच राहील."

खजिनदार उसळला. "महाराज, असं केलं तर लोक वेळेवर कर भरतील! मग दंड कुठून येणार? अर्धा खजिना दंडावर चालतो!"

राजाने चौकातल्या वस्तूंकडे पाहिले.

"म्हणजे माझी माणसं कधी चुकतात, यावर आपण टपून बसलो होतो," राजा हळूच म्हणाला. त्याच दिवशी त्याने हुकूम काढला. गावागावांतल्या चावडीवर पाचही मुदती रंगवल्या गेल्या. प्रत्येक मुदतीच्या पंधरा दिवस आधी गावात दवंडी फिरू लागली. चौकातल्या वस्तू ज्याच्या त्याला मिळाल्या. म्हाळसाबाईने आपला माग सगळ्यांत शेवटी नेला.

पुढच्या ज्येष्ठात, पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, ती पहिला हप्ता घेऊन राजधानीत आली. पण तिला रांगेत उभे राहावे लागले. बोरदऱ्याहून दुप्पट लांबची माणसे तिच्याही आधी येऊन उभी होती.

तात्पर्य: मुदत पाळणे हे प्रजेचे कर्तव्य आहे, पण ती वेळेआधी प्रत्येकापर्यंत पोहोचवणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ज्याने आपले कर्तव्य चुकवले, त्याला दुसऱ्याकडून दंड मागण्याचा अधिकार नाही.