धाकूचं धोंडस

खाडीकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं सगळं ऐकायचा. अगदी सगळं. शब्दाचा काना-मात्रासुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. आणि सगळी पंचाईत तिथेच व्हायची.

त्याच्या लग्नात सासरे कौतुकानं म्हणाले होते, "जावईबापू, हे घर आपलंच समजा."

धाकूनं समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सनईवाला ओसरीवरच्या झोपाळ्याकडे बघत म्हणाला, "काय सुरेख झोपाळा आहे!"

"आवडला? घेऊन जा," धाकू म्हणाला.

सनईवाला घेऊन गेला.

तेव्हापासून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जावयाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. अकरा वर्षं झाली. धाकूची बायको शेवंती दर मे महिन्यात पत्र पाठवायची आणि आबा दर मे महिन्यात गुडघ्याचं कारण सांगायचे. या वर्षी मात्र उत्तर आलं. 'येतो. राहायचं की नाही ते तिथं आल्यावर बघू.'

आबांना फणसाचं धोंडस भारी आवडायचं. फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं एकत्र शिजवायचं, मग पातेल्यात थापून खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. झालं धोंडस. पण शेवंतीला आबांना आणायला धक्क्यावर जायचं होतं.

"अहो, नीट ऐका," निघताना ती म्हणाली. "आबा रागावले तर संध्याकाळच्या होडीनं परत जातील, आणि मग काही या घरी यायचे नाहीत. तेव्हा पोरांना हाताशी धरा आणि धोंडस करा. पमीला सगळी कृती ठाऊक आहे."

"धरतो," धाकू म्हणाला.

शेवंती पाणंदीनं गेली. धाकूनं एका हातात दहा वर्षांच्या पमीचा हात धरला, दुसऱ्या हातात सहा वर्षांच्या गोप्याचा. मग तो चुलीसमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"बाबा, आपण काय करतोय?" गोप्यानं विचारलं.

"धोंडस," धाकू म्हणाला.

पमीनं कपाळावर हात मारला असता, पण हात मोकळा नव्हता. "बाबा, हाताशी धरणं म्हणजे मदतीला घेणं! कामाच्या वेळी हात सोडायचे असतात."

"असं होय! आधी सांगायचंस ना," म्हणत धाकूनं हात सोडले.

पहिलं काम फणस काढायचं. धाकू झरझर झाडावर चढला. फांदीवर पोचला, फणसाचा देठ कोयतीनं तोडला, फणस खाली धप्पकन पडला. इथपर्यंत सगळं छान झालं. मग त्याला आठवलं, की आपण काम करतोय. त्यानं हात सोडले.

खाली पातेऱ्याचा ढीग होता म्हणून निभावलं. सुक्या पानांतून आधी धाकूचे पाय वर आले, मग डोकं.

"बाबा!" पमी रडवेली झाली. "असं सोडायचं नाही! एकदा धरलं की घट्ट धरून ठेवायचं!"

"असं होय! आधी सांगायचंस ना."

धाकूनं फणस फोडला. बरका फणस, नुसता रसानं भरलेला. त्यानं दोन्ही हातांनी दोन्ही भकलं घट्ट धरली आणि धरूनच ठेवली. पमी म्हणाली, आता ठेवा. धाकू म्हणाला, तूच म्हणालीस ना, घट्ट धर. शेवटी पमीनं समजूत घातली आणि तो सोडायला तयार झाला, तर आता चीक सोडायला तयार नव्हता. एका हाताला अर्धा फणस, दुसऱ्या हाताला अर्धा फणस, अशा थाटात धाकू अंगणात फेऱ्या मारू लागला. गोप्या त्याच्यामागून टाळ्या वाजवत फिरला. पमीनं खोबरेल ओतून ओतून बापाला फणसातून सोडवलं.

"आता लक्षात ठेवा," ती म्हणाली. "चिकट वस्तूला हात लावायच्या आधी हाताला तेल लावायचं."

"असं होय! आधी सांगायचंस ना."

मग मात्र काम भराभर पुढं गेलं. पमीनं चाळणीवर गरे घासून रस काढला. गोप्यानं आठळ्या गोळा केल्या, मोजल्या, परत मोजल्या. रवा भाजून झाला. घरभर असा वास सुटला की शेजारची म्हैससुद्धा कुंपणावरून डोकावू लागली.

"बाबा, गुळाची ढेप द्या," पमी म्हणाली.

मे महिन्यात गूळ पाझरतो. धाकूनं बोट लावून बघितलं. चिकट! तो शहाण्यासारखा थांबला. कोपरापर्यंत दोन्ही हातांना तेल चोपडलं आणि मग ढेप उचलली. ढेप हातातून सुटली, खिडकीतून गेली आणि कुंपणापाशी पडली. म्हशीनं इतक्या आदरानं वाढलेला खाऊ आजवर पाहिला नव्हता. तिनं वाया काही घालवलं नाही.

डब्याच्या तळाशी दुसरी अर्धी ढेप होती. पमीनं ती स्वतः काढली.

"बाबा, तुम्ही आता कशालाच हात लावू नका. चवीपुरतं मीठ तेवढं घाला."

धाकूनं चिमूटभर मीठ उचललं, आपल्या जिभेवर घातलं आणि डोळे मिटले.

"कसं आहे?" गोप्यानं विचारलं.

"खारट," धाकू म्हणाला.

पमीनं गुपचूप पातेल्यात मीठ घातलं. मिश्रण शिजलं, तूप लावलेल्या दुसऱ्या पातेल्यात थापलं. खाली निखारे, वर झाकण, झाकणावर निखारे. आता नुसतं थांबायचं होतं. पण धाकूला धीर निघेना. आबा येणार, शेवंतीचं तोंड उजळणार, आणि तेही आपण केलेल्या धोंडसानं! तो सारखा पातेल्याजवळ वाकून विचारायचा, "झालं का रे?"

"बाबा, ते काय उत्तर देणार आहे?" पमी म्हणाली. "झालं की नाही ते काडी टोचून बघायचं. काडी ओली निघाली तर कच्चं आहे. मग झाकण घालून वर आणखी निखारे ठेवायचे. कोरडी निघाली की झालं."

"असं होय! आधी सांगायचंस ना."

इतक्यात शेवंती आबांना घेऊन आली. आबा घामाघूम झाले होते. जावयाकडे त्यांनी एक नजर टाकली, "हं" म्हणाले आणि आधी आंघोळीला गेले. न्हाणी परसात होती, माडाच्या झापांचा आडोसा केलेली.

इकडे पमीनं धोंडसात काडी टोचली. कोरडी निघाली. तिनं निखाऱ्यांसकट झाकण बाजूला ठेवलं आणि पातेलं उतरवलं. शेवंतीला पोरीचं इतकं कौतुक वाटलं की तिनं तिथंच तिचा मुका घेतला. मग ताटं मांडता मांडता ती म्हणाली, "अहो, आबांची आंघोळ झाली का बघा जरा."

विचारायचं नसतं, हे धाकूला आता माहीत होतं. त्यानं एक लांबशी काडी घेतली, परसात गेला आणि झापांच्या फटीतून आत टोचली.

"अयाई गं!" आतून आवाज आला.

धाकूनं काडी बाहेर काढून बोटानं चाचपली. ओली होती.

"अजून कच्चे आहेत," तो स्वतःशीच म्हणाला. तो पळत आत गेला, निखाऱ्यांचं झाकण चिमट्यानं उचललं आणि पळत परत आला. "आबा, जरा खाली बसा. हे तुमच्या डोक्यावर ठेवायचंय!"

आबांनी झापांच्या वरून येणारे लालभडक निखारे बघितले. गुडघ्याचं दुखणं विसरून ते दुसऱ्या बाजूचा आडोसा मोडून ओल्या पंच्यानिशी थेट अंगणात आले.

"शेवंते! माझी पिशवी आण! होडी किती वाजता आहे?"

शेवंतीचा चेहरा उतरला. आबा कपडे करून अंगणातल्या बाकड्यावर पाठ फिरवून बसले. धाकूला आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण बायकोचे डोळे भरलेले त्याला दिसत होते. त्याला फार वाईट वाटलं. निदान धोंडस तरी चटकन द्यावं म्हणून त्यानं पातेलं उपडं करायला घेतलं.

"थांबा बाबा!" पमी हळूच म्हणाली. "तापलेलं असताना नाही. तुकडे पडतील. थंड होऊ दे. थंड झालं की उपडं करायचं, बुडावर दोन थापा मारायच्या, की अख्खं सुटतं. तळाला काही चिकटत नाही."

"असं होय!" धाकू म्हणाला. "आधी सांगायचंस ना."

पातेलं थंड झालं. पमीनं ते ताटात उपडं केलं, दोन थापा मारल्या आणि सोनेरी धोंडस अख्खं बाहेर आलं. गोप्या पहिला तुकडा घेऊन बाकड्यापाशी गेला. नातवाला नाही कसं म्हणणार? आबांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला.

"कुणी केलं?"

"आम्ही तिघांनी!" गोप्या म्हणाला. "बाबा झाडावरून पडले. मग बाबा फणसाला चिकटले. मग म्हशीनं गूळ खाल्ला. मग बाबांनी मीठ खाल्लं."

आबांचे खांदे हलायला लागले. मग पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेवंते, इकडे ये," ते म्हणाले. "अकरा वर्षं मी नुसता तापलेलो होतो गं. आज थंड झालो बघ. अगदी थंड झालो. पिशवी आत ठेव, चांगला पंधरा दिवस राहतो."

शेवंतीनं पदरानं डोळे टिपले. पमी हसली. आणि धाकूचा चेहरा तर असा फुलला, की विचारू नका. तो लगबगीनं पुढं झाला. बाकड्याचं एक टोक दोन्ही हातांनी पकडलं आणि आबांसकट ते उपडं केलं. मग बाकड्याच्या बुडावर दोन थापा मारल्या, बाकडं अलगद उचललं आणि खाली पालथ्या पडलेल्या आबांकडे बघून आनंदानं ओरडला,

"शेवंते, बघ! अख्खे निघाले! तळाला काही म्हणता काही चिकटलं नाही!"