कमानीच्या आधी

“आणि निवडून आल्यावर पहिलं काम कोणतं करणार?”

मठाच्या राहीमायनं विचारलं ते कुमुदला. उत्तर दिलं तिच्या नवऱ्यानं, जयवंतानं.

नगराध्यक्षाची जागा या वेळी बायकांसाठी राखीव निघाली, म्हणून अर्ज बायकोच्या नावाचा. बाकी सगळं नवऱ्याचं. हार त्याच्या गळ्यात, भाषण त्याच्या तोंडात. फलकावर कुमुदचा फोटो होता, पण त्याच्या फोटोएवढा मोठा नव्हता.

मायचा हात डोक्यावर घ्यायला दोघं मठात आली होती. जयवंत लहानपणी इथंच अक्षरं गिरवायला शिकलेला, मायची छडी खाल्लेला. बाजारातल्या बायका मायच्या शब्दाबाहेर नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. तो हात पडला नाही तर निवडणूक गेली.

त्यानं सांगायला सुरुवात केली. आधी गावाच्या तोंडाशी कमान, दगडी. मग तळ्यात रंगीत दिव्यांचं कारंजं. आलेल्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की शहरात आलो.

“मी निवडून आलो की वर्षाच्या आत...”

“कोण निवडून आलं की?”

“म्हणजे... ही.”

माय उठली. माठातलं पाणी दोन फुलपात्रांत घेऊन आली. मठाचं पाणी प्यायल्याशिवाय इथं डोक्यावर हात पडत नाही, आणि माय देईल ते नको म्हणायची सोय नाही.

जयवंतानं एका दमात संपवलं. कुमुदनं फुलपात्र ओठाला लावलं न लावलं आणि खाली ठेवलं. पाणी होतं तेवढंच.

सकाळपासून दोघांनी उन्हात बाजार पालथा घातला होता. तिचे ओठ सुकून फाटले होते.

“तिला तहानच नसते फार,” जयवंत म्हणाला. “सवय आहे.”

माय कुमुदकडं बघत राहिली.

“तू सांग.”

जयवंतानं पुन्हा तोंड उघडलं. मायनं नुसतं बोट वर केलं.

“प्यायले तर जाऊ कुठं, माय?” कुमुद म्हणाली. “अख्ख्या बाजारात बायकांना आडोसा नाही. भाजीवाल्या पहाटेपासून घोटभर घेत नाहीत. परवा एक चक्कर येऊन पडली, लोक म्हणाले ऊन लागलं. मला पहिलं ते बांधायचंय. कमानीचं मला कुणी विचारलंच नाही.”

जयवंत कसनुसा हसला. असलं चारचौघांत बोलतात का, म्हणाला. मग आवाज मऊ केला. घेऊ की तेही जाहीरनाम्यात, शेवटी कुठंतरी. आजवर बायकांनी निभावलंच ना.

माय कुमुदला म्हणाली, मागं न्हाणी आहे, दाराला कडी आहे. पी पोटभर.

कुमुद प्यायली. मायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ.

मग जयवंत वाकला.

“माय, माझ्याही डोक्यावर ठेव.”

मायनं त्याचं फुलपात्र भरलं. तो प्यायला. पुन्हा भरलं. नको म्हणता येईना, तो रिचवत गेला, माठाचा तळ दिसेपर्यंत.

“आता जा,” माय म्हणाली. “दिवस मावळेपर्यंत भाजीवाल्यांत बसून राहा. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं नाही. मग ये.”