गेनबानं घर बिनधोक केलं

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी होता. देवानं जोडी जमवताना सगळी अक्कल बायकोच्या, ठकूबाईच्या पदरात घातली आणि गेनबाला नुसती मान डोलवायला दिली.

गावात भरदिवसा चोऱ्या व्हायला लागल्या. माणसं रानात गेली की चोर घरं धुऊन न्यायचे. म्हणून ठकूबाईनं माहेराहून राखणीला कुत्र्याचं पिल्लू आणलं.

"आवं, आता घर वाचलं तर ह्याच्यामुळंच वाचंल," ती म्हणाली. "लई जपा. त्याच्या तोंडाला लागंल असं काय खाली ठेवू नका. समदं वर ठेवा."

"बरं," गेनबा म्हणाला.

ठकूबाई खुरपून आली तर चपला आढ्याला, विळी आढ्याला, आणि पिल्लाची भाकरीही आढ्यालाच. पिल्लू खाली जीभ काढून पडलेलं.

"आवं, खायाचं तरी खाली ठेवायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी गेनबानं शिंक्यावरचं दूध-लोणी खाली काढून ठेवलं. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं.

"आवं, पिल्लू ज्याला तोंड लावाय जाईल त्याच्यावर कोंबड्या झाकायचं डालगं घालायचं! वर पाटा ठेवायचा!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. पिल्लू त्यांना हुंगायला लागलं. गेनबानं सासूबाईंवर डालगं घातलं. वर पाटा ठेवला. आतून सासूबाई ओरडत होत्या, बाहेरून पिल्लू भुंकत होतं. ठकूबाई धावत आली.

"पिल्लू भेदरलंय न्हवं! ज्याच्यावर भुंकतंय ते आधी घराभाईर काढा!"

गेनबानं डालगं बाहेर काढलं, सासूबाईंनाही काढलं. त्या आल्या पावली निघाल्या. कितीही केलं तरी जावई, फार बोलता येईना.

"जावईबापू," त्या एवढंच म्हणाल्या, "पिल्लू तेवढं गाडीखाली येऊ देऊ नका."

"बरं."

चौथ्या दिवशी ठकूबाई रानात गेली आणि दारात बैलगाडी थांबली. एक अनोळखी माणूस आत शिरला. त्यानं ट्रंक उचलली. पिल्लू ट्रंकेकडं बघून भुंकलं.

"पावणं, जरा हात लावता का?" माणूस म्हणाला.

ओझं उचलणाऱ्याला हात लावायला नाही म्हणू नये, ही गावची रीत. शिवाय पिल्लू भुंकत होतं. गेनबानं हात लावला. ट्रंक बाहेर गेली. पिल्लू हंड्यावर भुंकलं, हंडा बाहेर गेला. ते ज्वारीच्या पोत्यांवर भुंकलं, पोती बाहेर गेली. गेनबाला घाम फुटला, पण त्यानं कामात कसूर केली नाही.

ठकूबाई आली तर घरात चार भिंती आणि गेनबा.

"आवं, सामान कुठं गेलं?"

"अगं, घर आता बिनधोक झालं. पिल्लानं भुंकावं असं काहीएक ठेवलं नाही."

"आन् पिल्लू?"

"ते गाडीमागं धावत सुटलं. खाली येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून उचलून गाडीवर बसवलं."

ठकूबाई कपाळाला हात लावून रडायला लागली.

"रडतीस काय?" गेनबा म्हणाला. "तो बिचारा एवढं सामान घेऊन एकटाच निघाला होता. वाटेत चोर भेटले म्हणजे? राखणीला कुत्रं नको?"