अजून खाली

"अजून किती खाली, उस्ताद?"

दुकानात पाऊल टाकता टाकताच इंद्रजित चौगुलेनं विचारलं. नमस्कार ना चमत्कार. पुणं सोडल्यापासून हा एकच प्रश्न त्यानं दातांखाली धरून ठेवला होता.

मग आठवण झाल्यासारखं म्हणाला, "पाया पडतो."

म्हणाला फक्त, वाकला नाही. मध्ये छातीइतका उंच काउंटर होता आणि त्याच्या दोन्ही हातांत मोठं खोकं होतं.

काउंटरपलीकडे दस्तगीर उस्ताद बसले होते. पांढरी दाढी, कानावर खोचलेला ब्रश, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी मान वर केली.

"जेवलास काय?"

"उस्ताद, मी काय विचारतोय…"

"त्ये ऐकलं. जेवलास काय?"

"नाही."

"मग आवाज कमी कर. उपाशी माणसानं भांडू नये, पित्त हुतंय."

इंद्रजितनं खोकं काउंटरवर ठेवलं. जरा आपटलंच.

दस्तगीर उस्ताद म्हणजे कोल्हापुरातले जुने रंगारी. एके काळी अर्ध्या जिल्ह्यातल्या ट्रकांच्या पाठीवरचे मोर आणि कमळं त्यांच्याच हातची होती. वय झालं, शिडीवर चढवेना, तेव्हा त्यांनी रिमोटवर पळणारे खेळण्यातले ट्रक हाती घेतले. लोक हसले. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं म्हणाले. मग त्याच लोकांची पोरं शिकायला येऊन बसली.

इंद्रजित त्यातला सगळ्यात हुशार. ही गोष्ट उस्तादांना माहीत होती आणि दुर्दैवानं इंद्रजितलाही माहीत होती.

उस्तादांच्या हाताखालची गाडी ओळखायची एक खूण होती. सगळं काम झालं, की उस्ताद स्वतः गाडीच्या पोटाखाली बारीक ब्रशानं एक डोळा रंगवायचे. वर नाही, बाजूला नाही, पोटाखाली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वरचं गिऱ्हाईक बघतंय. खालचं रस्ता बघतोय." डोळा नसेल तर ती गाडी उस्तादांची म्हणायची नाही, असा रिवाजच पडला होता.

इंद्रजितनं पुढं पुण्यात दुकान टाकलं. त्याचे व्हिडिओ लोक जेवताना ताट बाजूला ठेवून बघायचे, असं तो स्वतः सांगायचा.

त्यानं खोकं उघडलं.

एका खेळण्यातल्या ट्रकाचा त्यानं लोरायडर केला होता. लोरायडर म्हणजे मुद्दाम जमिनीलगत उतरवलेली गाडी. पळवायची नाही, मिरवायची. मुळात हा ट्रक दगडधोंड्यांवरून उड्या मारणारा, टरबुजासारख्या टायरांचा. इंद्रजितनं ते टायर काढून बांगडीएवढी चाकं बसवली. स्प्रिंगा कापल्या, बॅटरी आडवी करून दोन्ही कडांना लपवली. चारी चाकांवर चार छोट्या मोटरी बसवल्या. वर जांभळा रंग असा चढवला होता, की बघणाऱ्याचं तोंड त्यात दिसावं.

रिमोटचं बटण दाबलं. ट्रक चारी चाकांवर उचलला गेला, डावीकडे कलला, उजवीकडे कलला, पुढून उठला आणि सावकाश खाली बसला.

उस्ताद हसले. खरंच खूश झाले होते. काय देखणं काम होतं ते!

"लई भारी," ते म्हणाले.

"भारी ना? मग मी पहिला व्हिडिओ पाठवला, तुमचं उत्तर काय आलं? अजून खाली. मी स्प्रिंगा कापल्या. दुसरा पाठवला. अजून खाली. चाकं बदलली. तिसरा पाठवला…"

"अजून खाली."

"हो! आता कापायला राहिलंय काय? रविवारी प्रदर्शन आहे. गाडीला उस्तादांचा डोळा असणार, हे मी सगळ्यांना सांगून बसलोय. डोळा नसेल तर तिथं तोंड कसं दाखवू? हुशार पोरगं होतं, उस्तादांनी नाकारलं, असं म्हणतील लोक."

उस्तादांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला.

"एकदा सांगा. हो की नाही?"

उस्तादांनी मान वळवून दाराबाहेर बघितलं.

"उस्ताद?"

"हितनं काय कळणार? रस्त्यावर घे."

"काउंटरवर दिसत नाही का?"

"काउंटरवर गाडी चालती व्हय?"

इंद्रजितनं ट्रक उचलला, चार पावलं टाकली आणि गल्लीत नेऊन ठेवला. दुपारची वेळ होती. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, गल्ली रिकामी होती. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

आतून आवाज आला. आधी स्टूल सरकल्याचा. मग काहीतरी जड खाली उतरल्याचा. मग बेअरिंग घरंगळल्याचा.

काउंटरच्या कडेनं उस्ताद बाहेर आले.

एका फळीवर बसून आले. फळीला चार बेअरिंगं होती. हातांत चपला घातल्या होत्या आणि त्या जमिनीवर टेकत टेकत ते पुढं सरकत होते. लुंगी गुडघ्यांपाशी दुमडून खोचली होती. त्याच्या पुढं काही नव्हतं.

इंद्रजितच्या हातातला रिमोट खाली पडता पडता राहिला.

ज्या माणसासमोर तो आता पाच मिनिटं तावातावानं बोलत होता, त्याला कमरेखाली काय आहे आणि काय नाही, हे त्यानं वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. फोनवर दर वेळी सुरुवातीला तो काय म्हणत आला होता, ते त्याला आठवलं. पाया पडतो, उस्ताद. पाया पडतो.

"उस्ताद… हे… हे कधी?"

"साखर. आदी एक गेला, मग दुसरा. तुजा पैला व्हिडिओ आला तवा दवाखान्यात हुतो. नर्सबाईला दाखवला. तिला लई आवडला."

"मला कळवलं नाही तुम्ही?"

"तू इचारलं न्हाईस."

"मी प्रत्येक वेळी विचारलं!"

"गाडीचं इचारलंस."

…

इंद्रजित तसाच उभा राहिला.

"आता खांब हू नगंस. गाडी चालव."

त्यानं कसंबसं बटण दाबलं. ट्रक हळूहळू निघाला. जांभळा रंग उन्हात चमकला. शेजारून उस्ताद आपली फळी ढकलत चालले. दोघांचा वेग अगदी सारखा होता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तर मिरवणुकीतला मानकरी असावा, असा थाट होता.

"माझी बी लोरायडरच हाय," उस्ताद म्हणाले. "फकस्त रंग द्याचा राह्यलाय."

इंद्रजितला हसू आलं नाही. त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

एवढ्यात गल्लीतल्या फरशीच्या एका उंचवट्यावर ट्रकाचं पोट घासलं.

खर्रर्र.

ट्रक तसाच पुढं गेला आणि थोड्या अंतरावर थांबला.

"किती खाली हाय गाडी?" उस्तादांनी विचारलं.

"टेकलीय उस्ताद. रस्त्याला टेकलीय."

"उभ्याला सगळंच टेकल्यालं दिसतंय."

इंद्रजित ओणवा झाला.

"अजून."

गुडघ्यांवर बसला. इस्त्रीची पँट होती, तिला धूळ लागली.

"अजून."

"उस्ताद, लोक बघतील…"

"बघू देत. तुजे व्हिडिओ बघत्यातच की."

तो पोटावर आडवा झाला. मग कोपर टेकलं. मग, दुसरा काही इलाज उरला नाही तेव्हा, गाल. फरशी तापली होती. तिला ग्रीसचा आणि वाळल्या चिखलाचा वास येत होता. आपण रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या करतो आणि रस्त्याचा वास आपल्याला माहीत नव्हता, असं त्याच्या मनात आलं.

गल्लीच्या तोंडाशी एक दुधाचा टेम्पो वळला आणि कचकन थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"चाचा! काय झालं? ह्यो पडला काय?"

उस्तादांनी चपलेचा हात वर करून त्याला थांबवलं.

"न्हाई रं. शिकालाय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि काचेवर कोपर टेकून तोही बघत बसला. कोल्हापुरात शिकणाऱ्याला कुणी हॉर्न मारत नाही, निदान तमाशा फुकट असेल तर नाहीच.

"काय दिसतंय?" उस्तादांनी विचारलं.

"पोट…" इंद्रजित म्हणाला. "पोट खरवडलंय. रंग गेलाय. पत्रा दिसतोय."

"कुटं?"

"मधोमध."

मधोमध म्हणजे नेमकी ती जागा. ज्या डोळ्यासाठी तो इतक्या लांब आला होता, त्याची जागा त्यानं स्वतःच्या हातानं खाली आणून आणून रस्त्यावर घासून टाकली होती. असं वेडं काम त्याच्या हातून झालं होतं आणि काउंटरवर उभ्यानं बघताना त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं.

"आनि?"

"एक फट आहे. उजेड येतोय पलीकडून."

"उजेडात काय हाय?"

इंद्रजितनं एक डोळा मिटला.

जांभळ्या ट्रकाच्या पोटाखालच्या बोटभर फटीतून पलीकडची जमीन दिसत होती. तिथं फळीची दोन बेअरिंगं होती. आणि दोन बाजूंना, जमिनीवर टेकलेल्या, दोन चपला.

कोल्हापुरी चपला. तळव्याच्या कडेवरून एक बारीक रेघ ओढलेली. जांभळी.

ती रेघ जमिनीवर गाल टेकल्याशिवाय दिसली नसती.

इंद्रजितनं रेघ ओळखली. ती रेघ त्याचीच होती. पुण्याला जाताना त्यानं उस्तादांना या चपला दिल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारभर बसून दोन्ही तळव्यांच्या कडेला रेघ ओढली होती. हात न कापता ओढलेली त्याच्या आयुष्यातली ती पहिली रेघ. तेव्हा उस्ताद म्हणाले होते, एवढं चांगलं काम पायात कोन घालतंय? आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं.

आता रेघ अर्धी झिजली होती.

"उस्ताद, ह्या चपला…"

"पायात न्हाई घातल्या कवा. जपून ठिवल्या हुत्या."

ट्रकाच्या पुढून वळसा घालून इंद्रजितचा हात जमिनीवरून सरकत गेला. मध्येच थांबला. कुठं टेकवायचा ते त्याला कळेना. मग तो हात चपलांवर येऊन राहिला. चपलांत उस्तादांचे हात होते, गरम.

या वेळी तो तोंडानं काही म्हणाला नाही. डोळ्यांतलं पाणी नाकावरून आडवं फरशीवर उतरलं आणि लगेच सुकलं.

…

टेम्पोवाल्यानं तोंड फिरवलं. उगाच आरसा पुसायला लागला.

…

गाल न उचलताच इंद्रजितनं विचारलं. हाच प्रश्न मघाशी त्यानं दारातून आत फेकला होता. आता तो जेमतेम ऐकू आला.

"अजून किती खाली, उस्ताद?"

उस्तादांनी एका हातातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि कानावरचा ब्रश हातात घेतला.

"आता बराबर हाय. गाडी वर घे… डोळा रंगवाय जागा पायजे."