एकही तक्रार नाही

सुट्टीसाठी किनाऱ्यावरचं हॉटेल ठरवायला सबनीस पतिपत्नी मुलांना घेऊन आले. पंधरा वर्षांच्या शर्वाणीला आणि तिच्या धाकट्या भावाला रोज समुद्रात पोहायचं होतं. मालक खोतसाहेब ऐटीत म्हणाले, “वीस वर्षं पाहुणे इथे पोहायला उतरतायत. एकाचीही तक्रार आली नाही!”

भर दुपारी किनारा सुनसान होता. वाळूत चपलांचे सात-आठ जोड अर्धवट रुतले होते, सगळे पाण्याकडे तोंड करून.

शर्वाणीने ते पाहिले. “काका,” तिने विचारलं, “तक्रार करायला परत किती जण आले?”

खोतांचं हसू विरलं. मग खोलीची किल्ली खिशात टाकून ते हलक्या आवाजात म्हणाले, “पुढच्या गावात उतरा. तिथलं पाणी उथळ आहे.”