आत्या विचारते

विहिरींवर मोटा चालत होत्या, त्या काळची ही गोष्ट. आमच्या घोगरदऱ्यात रिबकाआत्या राहायची आणि घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे धागा, काढून दोर वळायची. तिने वळलेला नाडा मोटेला लावला की बैल म्हातारे व्हायचे, पण नाडा तुटायचा नाही, असं म्हणतात.

आमचं सगळं गाव दोर वळणाऱ्यांचं आणि सगळं ख्रिस्ती. दोर घेताना आम्ही टोक बघत नाही, कारण टोकं सगळेच चांगली वळतात. आम्ही दोर मधोमध धरतो, पीळ उलटा फिरवून पेड उकलतो आणि आत सडका वाख दडवलाय का ते बघतो. नाडा तुटला तर विहिरीत उतरलेला माणूस जातो, म्हणून ही सवय.

अशा गावात एका वर्षी पांढऱ्या अंगरख्याचा एक माणूस आला. मी संदेष्टा आहे, म्हणाला. त्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, मीही घेणार नाही. आवाज गोड आणि डोळ्यांत पाणी कायम तयार. प्रभू येशूच्या नावाने प्रार्थना सुरू करायचा आणि प्रभू येशूच्याच नावाने आमेन म्हणायचा. गाव भुललं. दोराच्या टोकाला कधी न फसलेली माणसं या माणसाची दोन टोकं बघून फसली. मला अजून त्याचा राग येतो.

त्या साली हिवतापाची साथ आली. नदीपलीकडे मिशनचा दवाखाना होता, तिथे तापावरचं कोयनेल मिळायचं. संदेष्टा म्हणाला, औषध घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. घराघरांतल्या पुड्या त्याने चुलीत टाकायला लावल्या. सलोमी नावाच्या तरण्या विधवेनेही टाकल्या. चौथ्या दिवशी तिचा मुलगा शमुवेल गेला. सहा वर्षांचा होता. आणि हा माणूस पोराच्या थडग्याच्या ओल्या मातीशी उभा राहून म्हणाला, "आईचा विश्वास कमी पडला." सलोमीने मान खाली घातली. गावानेही घातली. त्याचं तोंड धरावं असं एकालाही वाटलं नाही.

आठवड्याच्या आत सलोमीची धाकटी, दीना, तापली. रविवारी संदेष्ट्याने तिला देवळात आणवलं आणि लांबलचक प्रार्थना सुरू केली. रिबकाआत्या डोळे मिटून ऐकत होती. तिने सुरुवात सोडली, शेवट सोडला आणि मधलं तेवढं नीट ऐकलं. मध्ये होतं ते, मला दिसलं, मी सांगतो, माझं ऐकाल तर वाचाल. प्रभूचं नाव तिथे औषधालाही नव्हतं.

आत्या उठून उभी राहिली. उपासनेत मध्येच उठायची तेव्हा रीत नव्हती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तुझं लेकरू तुझ्यापायी मेलं, असं प्रभू कोणत्या आईला म्हनला? शास्त्रात जागा दाखवा."

"मला ते दर्शनात सांगितलंय," संदेष्टा म्हणाला.

"मंग त्यो वाख तुमचा हाये, प्रभूचा न्हाई. दोन्ही टोकांना त्याचं नाव लावलंय आन् मधी समदं सोताचं भरलंय. नाईन गावात विधवेचं पोर गेलं तवा प्रभूला तिची दया आली. तिचा विश्वास मोजत बसला न्हाई त्यो."

संदेष्टा पिसाळला. ही बाई सैतानाची आहे, हिच्यामागे जाईल त्याचं घर बसेल, असं ओरडला. आत्या नदीपलीकडच्या दवाखान्याकडे निघाली. मग सलोमी उठली, तिने दीनाला पाठीशी बांधलं आणि ती आत्याच्या मागे निघाली.

नदीला पूर होता. आत्याने साठ हातांचा दोर झाडाला बांधला, दुसरं टोक कमरेला बांधलं आणि ती पाण्यात शिरली. पात्र शंभर हातांचं. ती एक पाऊल टाकायची आणि दोर एक हात वाढायचा, असं म्हणतात. आत्या पलीकडे पोचली आणि त्या दोराला धरून सलोमी लेकीला घेऊन पार झाली. आता हेही कुणाला उकलून बघायचं असेल तर बघावं, आत्या रागावणार नाही. दीना वाचली, एवढं पक्कं, कारण ती माझ्या पणजीची आई.

तिघी परत आल्या तेव्हा संदेष्टा गाव सोडून गेला होता. आत्याने गाव गोळा केलं. एकेकाला सलोमीपुढे उभं करून तिने म्हणायला लावलं, "शमुवेल तापानं गेला, तुझ्यापायी न्हाई." शेवटच्या माणसाचं म्हणून होईपर्यंत कुणाला घरी जाऊ दिलं नाही. पोर गेल्यापासून सलोमी रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली, असं म्हणतात.

आजही बाहेरून कुणी उपदेशक आला की तो बोलायला उभा राहण्याआधी गावातलं कुणीतरी, कधी शाळेतली एखादी पोरगीसुद्धा, त्याला अडवतं. "आत्या विचारते, शमुवेल कशाने गेला?" ज्याला ठाऊक नसतं त्याला बसवून सगळी गोष्ट सांगतात आणि पुन्हा विचारतात. तो "तापाने" म्हणाला की त्याला बोलू देतात.

मागच्या साली एक फार नावाजलेले उपदेशक आले होते. गोष्ट ऐकून म्हणाले, "तसा तापानेच, पण आईच्या विश्वासाचाही थोडा भाग असतोच ना."

आम्ही त्यांना चहा दिला आणि दुपारच्या एसटीत बसवून दिलं.